थ्री नॉट थ्रीचं लाकूड

पोलिसाची बंदूक म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यासमोरसुद्धा जी येते ती लाकडाची असते. नळी लोखंडाची, बोल्ट लोखंडाचा, पण लक्षात राहतं ते तपकिरी, तेलकट, कडा झिजलेलं लाकूड. जिल्हा कोषागाराच्या पायरीवर, कोर्टाच्या आवारात, निवडणुकीच्या दिवशी शाळेच्या दारात. हवालदार खुर्चीवर आणि बंदूक भिंतीला टेकलेली. तिचं नाव थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ इंच बोअरची ली-एनफिल्ड रायफल.

आजचा लेख त्या रायफलीवर नाही, तिच्या लाकडावर आहे. मराठीत त्याला दस्ता म्हणतात, जुन्या मराठीत कुंदा, आणि पोलीस सरळ 'बट' म्हणतात. ऑफिसमध्ये दिवसभर वीस वर्षं जुन्या कोडला ठिगळं लावल्यावर वीकेंडला दुसऱ्या कुणाची तरी ठिगळं बघायला बरं वाटतं. :) आणि या रायफलीच्या लाकडाला हिंदुस्थानात जेवढी ठिगळं लागली तेवढी क्वचितच कशाला लागली असतील. त्यातली काही इंजिनिअरांनी लावली, काही राज्यकर्त्यांनी. दोन्हीतला फरक बाहेरून कळत नाही, हीच तर गंमत आहे.

आधी थोडं इंजिनिअरिंग. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी १८५७ पर्यंत उडी मारावी.)

त्या काळातल्या बहुतेक लष्करी रायफलींचा, म्हणजे जर्मन माउझर वगैरेंचा, दस्ता एकसंध असतो. खांद्यापासून नळीच्या टोकाजवळपर्यंत एकच लांब लाकूड. ली-एनफिल्डचं तसं नाही. तिचा दस्ता मधे तुटलेला आहे. मागे खांद्याला लागणारा एक तुकडा, पुढे नळीखाली एक वेगळा तुकडा, आणि दोघांच्या मधे लोखंडी बॉडी. याचे दोन फायदे. एक, लांब, सरळ, गाठ नसलेली फळी शोधत बसावं लागत नाही. दोन, मागचा तुकडा मोडला तर तेवढाच बदलता येतो. त्यामुळे ब्रिटिशांनी मागच्या तुकड्याचे चक्क साइझ काढले. नॉर्मल, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि पहिल्या महायुद्धात बुटक्या सैनिकांच्या 'बँटम' पलटणी उभ्या राहिल्या तेव्हा पूर्ण एक इंच आखूड असा चौथा. लाकडावर एल, एस किंवा बी ठोकलेलं असे, नॉर्मलवर काहीच नाही. शर्टाच्या कॉलरमधल्या लेबलासारखं. १९०७ मध्ये मार्क थ्री आली, तीच आपल्याकडची खरी थ्री नॉट थ्री.

हा मागचा तुकडा एकाच लांब बोल्टवर बसतो. तळाची पट्टी उघडा, आत भोकात लांब पेचकस घाला, फिरवा, झालं. निदान दिसतं तरी तसंच. पण त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी केलेलं असतं आणि ते बॉडीतून आरपार जाऊन पुढच्या लाकडात बसवलेल्या एका पट्टीच्या खाचेत अडकतं, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये. आता एखाद्याने पुढचं लाकूड न काढताच बोल्ट फिरवला, तर चौकोनी टोक आतल्या आत फिरतं आणि पुढचं लाकूड मागच्या बाजूने फाटतं. बदलायला गेलो एक तुकडा, गेला दुसराच. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात, आणि ती डॉक्युमेंटमध्ये कुणीच लिहिलेली नसते. इथे निदान आर्मररला शिकवलेली तरी असे.

तळाची पट्टी पितळेची असते, हे एका भंडारेकराने अभिमानाने सांगायलाच पाहिजे. आमचं गाव पितळी भांड्यांचं. ती पट्टी आमच्याकडे ओतलेली नाही, पण मला तिच्याबद्दल उगाच आपुलकी वाटते. तिच्यात एक छोटं झाकण असतं. आत तेलाची कुपी आणि नळी साफ करायची दोरी. एनसीसी केलेल्यांना ती दोरी आणि ती 'चिंदी' आठवत असेल. म्हणजे दस्ता हा बंदुकीचा खांदाही आहे आणि डबाही.

पुढच्या लाकडाचं काम जास्त नाजूक. ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने सुटते आणि चार किलोची रायफल मागे धक्का मारते. पुढच्या लाकडाला तो धक्का बॉडीकडून मिळतो, तो लाकडाच्या मागच्या टोकाच्या लहानशा खांद्यांवर. ते खांदे बॉडीला घट्ट चिकटून असले पाहिजेत. जरा फट पडली की प्रत्येक बाराला लोखंड लाकडावर हातोडीसारखं आदळतं, फट वाढते, आणि एक दिवस लाकूड उभं चिरतं. शिवाय नळीखाली स्प्रिंगवरचा एक छोटा खुंट नळीला वर रेटून धरतो. तो दाब बदलला की गोळी दुसरीकडेच. थोडक्यात, नेम माणसाच्या डोळ्यात आणि नळीत असतो तितकाच या लाकडात असतो. म्हणूनच पुढचं लाकूड त्या-त्या रायफलीवर हाताने घासून बसवत आणि त्यावर रायफलीचाच नंबर ठोकत. एकीचं लाकूड दुसरीला सहसा नीट बसत नाही.

आता असं लाकूड भंडाऱ्यासारख्या हवेत ठेवा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड आक्रसतं आणि फुगतं, लोखंड तेवढंच राहतं. इंग्लंडात बसून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये हा प्रश्न नव्हता.

तर मग लाकूड कुठलं घ्यायचं? उत्तर शेकडो वर्षं एकच होतं, अक्रोड. हिंदुस्थानात तो काश्मीर आणि हिमालयाच्या पट्ट्यातून येई. अक्रोड फार कठीण नाही, फार मऊ नाही, धक्का सोसतो, नीट वाळवला की पीळ खात नाही, आणि त्यात बारीक खोल खाचा कोरता येतात. मला आधी वाटलं होतं, आमच्याकडे सागवानाची काय कमी? भंडारा, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, सगळा सागाचाच मुलूख. पण साग पाण्याला आणि वाळवीला जितका पक्का तितका अचानक बसणाऱ्या धक्क्याला नाही. तो रेषेत फाटतो. वर त्यात सिलिका असते, त्यामुळे हत्यारांची धार जाते. दाराची चौकट करायला राजा, बंदुकीला नको.

मात्र विदर्भातली एक गोष्ट या लाकडाच्या अगदी जवळची आहे. जवस! दस्त्याला वॉर्निश लावत नसत, जवसाचं कच्चं तेल चोळत. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या छिद्रांत हळूहळू घट्ट होत जातं. सैनिकाने हाताने चोळायचं, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. तो जो काळपट तेलकट रंग आपल्याला आठवतो तो कारखान्यातला नाही, तो हातांचा आहे. आमच्या भागात धान कापायच्या आधीच उभ्या बांध्यांत लाखोळी आणि जवस फेकून देतात, उरलेल्या ओलीवर पीक येतं. आपल्याला जवस म्हणजे चटणी आणि हल्ली डाएटवाल्यांचं ओमेगा थ्री. तेच तेल फ्रान्सच्या खंदकांतल्या रायफलींना लागत होतं. (जाता जाता, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना उष्णता निघते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात.)

बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. पुढचं लाकूड फाटू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू आरपार घातला. जगभरचे जुन्या बंदुकांचे शौकीन आजही त्याला ईशापूर स्क्रूच म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्यापुढेही तोच प्रश्न होता, त्यांच्याकडे अक्रोड नव्हता आणि स्थानिक लाकूड मऊ होतं. त्यांनी १९४० च्या दशकात त्या लाकडी खांद्यांवर तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. एकाच बगवर दोन टीमचे दोन पॅच. मला ऑस्ट्रेलियन जास्त आवडला, कारण तो धक्क्यावरच उपाय करतो. आपला स्क्रू फाटायला निघालेल्याला धरून ठेवतो. पण आपला पॅच स्वस्त होता आणि झालेल्या रायफलींनाही लावता येत होता, हेही खरं.

ज्या रायफलींवर कप बसवून हातबॉम्ब फेकायचे त्यांना वेगळं ठिगळ. तिथला धक्का फारच मोठा, म्हणून पुढच्या लाकडाभोवती तार घट्ट गुंडाळून जागोजागी डाक देत. क्रिकेटच्या जुन्या बॅटला दोरा गुंडाळतो तसं. फोटो बघितलेत तर लक्षात येईल.

आता १८५७.

शाळेत आपण काडतुसांची गोष्ट शिकतो. एनफिल्ड रायफल, चरबी, दातांनी तोडणं, मंगल पांडे. ती १८५३ च्या पॅटर्नची रायफल, नळीच्या आत पीळ पाडलेली, म्हणून गोळी फिरत जाई आणि लांबवर नेमकी लागे. पण बंड मोडल्यावर या रायफलीचं काय झालं हे कुणी शिकवत नाही. इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी १८५८ चा नवा पॅटर्न काढला. दस्ता जवळपास तोच, लांबी तीच, दिसायला तीच. फक्त नळीतला पीळ काढून ती आतून गुळगुळीत आणि रुंद केली. म्हणजे परेडवर उभा केलेला हिंदी शिपाई आणि गोरा सोल्जर यांच्या हातात दुरून एकच बंदूक, पण एकाची काहीशे यार्डांवर नेम धरणारी आणि दुसऱ्याची जवळच्या गर्दीवर झाडायची. नळी इतकी पातळ झाली की ती वाकायला लागली, मग १८५९ चा जाड नळीचा पॅटर्न आणावा लागला. घाईघाईत हॉटफिक्स टाकला की दुसरा हॉटफिक्स येतोच.

तिथून पुढचं धोरण अनेक दशकं तेच राहिलं. हिंदी फौजेला नेहमी एक पिढी मागची बंदूक. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा आपल्याकडे स्नायडर, त्यांच्याकडे मॅगझिनवाली आली तेव्हा आपल्याकडे मार्टिनी. १९१४ मध्ये हिंदी पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या तेव्हा त्यांच्या रायफली काढून घेऊन नव्या द्याव्या लागल्या, कारण फ्रान्समधलं नवं काडतूस त्यांच्या रायफलींसाठी नव्हतं. युरोपात मरायला पाठवताना मात्र अपग्रेड मिळालं.

फौजेचं हे, तर रयतेचं काय? भोसल्यांचं नागपूर राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केलं, त्यात भंडाराही गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. आणि १८७८ मध्ये शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना, युरोपियनाला सूट. नागपुरात १९२७ मध्ये मंचरशा आवारी यांनी याच कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. उघड उघड शस्त्रं हातात घेऊन मिरवणूक काढायची आणि अटक करवून घ्यायची! लोक त्यांना जनरल आवारी म्हणत. शस्त्र घेऊन सत्याग्रह हा प्रकार गांधीजींना पसंत नव्हता, पण मुद्दा हवेत विरला नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क लिहिलेला आहे. राज्यघटनेत तो आला नाही. १९५९ चा आपला शस्त्र कायदा परवान्यावरच उभा आहे. बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाकडेच व्हावी लागते. नळी कापून आखूड करायला त्यात स्वतंत्र कलमच आहे.

पोलिसांच्या बंदुकीची गोष्ट याहून भारी आहे. ईशापूरमध्ये थ्री नॉट थ्रीचाच एक अवतार बनत असे, .४१० मस्केट. पोलीस, तुरुंगाचे पहारेकरी वगैरेंसाठी. नळी आतून मोठी आणि गुळगुळीत केलेली, म्हणजे पुन्हा १८५८ चाच फॉर्म्युला. आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा! होय, दहा गोळ्यांचं मॅगझिन जिथे बसतं त्या भोकात लाकडी ठोकळा बसवलेला. एक गोळी हाताने घाला, मारा, पुन्हा घाला. कारणं दोन. जमावावर वापरायची तर पल्ला कमी हवा. आणि ती जमावाने हिसकावली किंवा शिपाईच फिरला, तर फौजेचं .३०३ काडतूस तिला उपयोगाचं नको आणि तिचं काडतूस फौजेच्या रायफलीला नको.

मी हा ठोकळा पहिल्यांदा फोटोत बघितला तेव्हा बराच वेळ बघत बसलो. बाकी सगळं लाकूड बंदूक चालावी म्हणून आहे, हे एकच लाकूड ती चालू नये म्हणून. राज्य आपल्या शिपायावर किती विश्वास ठेवतं हे मोजायचं असेल तर त्या ठोकळ्याइतकं नेमकं माप नसेल. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तुमसरात, तिकडे आष्टीत, चिमुरात पोलीस आणि लोक समोरासमोर आले. पोलिसाच्या हातातली बंदूक कुणाकडे रोखण्यासाठी बनवली आहे हे तेव्हा कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

अर्थात ही भीती फक्त परक्या सरकारची नसते, हेही सांगितलं पाहिजे. २००९ मध्ये गडचिरोलीत १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ पोलीस मारले गेले, ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७. नक्षलवाद्यांनी पोलिसांची शस्त्रं नेली. हिसकावलेली बंदूक कुणाच्या हातात जाईल हा प्रश्न त्या घरांतल्या माणसांसाठी इतिहासाचा नाही. फरक एवढाच की इंग्रजाने उत्तर म्हणून आपल्याच शिपायाची बंदूक पंगू केली. ते उत्तर मला आजही लबाडीचं वाटतं, कारण त्यात मरतो तो शिपाईच.

आणि या सगळ्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला भरमार बंदूक. पूर्व विदर्भातलं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा शब्द पाठ असतो, आत्मसमर्पणाच्या प्रत्येक बातमीत 'एक भरमार बंदूक' असतेच. तोंडाकडून दारू भरायची म्हणून भरमार. तिचा दस्ता जवळ मिळेल त्या लाकडाचा, गावातल्याच कुणाच्या हातचा. शिकारीसाठी, रानडुकरांपासून धान राखण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरात. साइझ नाही, नंबर नाही, पितळी पट्टी नाही. परवान्याच्या चौकटीत ती बहुधा बसत नाही, आणि ज्याच्या बांध्यात डुकरं घुसतात त्याला ती चौकट तालुक्याहूनही लांब वाटते.

परवाना मिळालेल्याला मात्र सरकारी कारखान्याची .३१५ मिळे. ही म्हणजे साधीसुधी थ्री नॉट थ्री, कपडे बदलून! इंग्रजांना फौजेचं काडतूस साध्या माणसाकडे नको होतं, म्हणून थोडी मोठी, ८ मिलिमीटरची गोळी. बॉडी तीच, बोल्ट तोच. नळीच्या टोकापर्यंत जाणारं पुढचं लाकूड मधेच कापून निमुळतं केलं, मॅगझिन पाच गोळ्यांचं केलं, की झाली स्पोर्टिंग रायफल. शिपायाची बंदूक साहेबाची, नंतर पाटलाची आणि जमीनदाराची झाली ती मुख्यतः लाकूड कापून.

दस्ता फक्त नेमासाठी नसतो. दस्त्याने मारहाण हे शब्द आपण इतक्या बातम्यांत वाचलेत की ते वेगळे जाणवतही नाहीत. पण एक प्रसंग वेगळा. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, मूळचे माणगावकडचे, वय २२. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्बने मशीनगन आणि गनर उडवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. उरले दोन. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि त्या दोघांना तिनेच मारलं. नंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टॉमीगन अमेरिकन, तिचा दस्ताही लाकडी. असो.

स्वातंत्र्यानंतर काय बदललं? लाकडाच्या बाबतीत, फारसं काही नाही. राजाच्या मुकुटाचा शिक्का जाऊन अशोकाचे सिंह आले. १९६२ मध्ये चीनच्या ऑटोमॅटिक आणि सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांसमोर आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊनच उभे होते. मग घाई झाली. ईशापूरला एसएलआर बनायला लागली, तोवर तात्पुरती सोय म्हणून त्यांनी थ्री नॉट थ्रीचंच डिझाइन जास्त पक्क्या पोलादात घेऊन त्यात नवं ७.६२ चं काडतूस बसवलं. टू-ए आणि १९६५ ची टू-ए-वन. मॅगझिन चौकोनी आणि १२ गोळ्यांचं झालं, मागचं साइट २००० वरून ८०० मीटरवर आणलं. म्हणजे साठ वर्षांनी कुणीतरी मान्य केलं की दोन किलोमीटरवर कुणी नेम धरत नाही! दस्ता मात्र तोच. तात्पुरती सोय अर्थातच अनेक वर्षं टिकली आणि पोलिसांत तर त्याहून कितीतरी जास्त. प्रॉडक्शनमध्ये गेलेला 'टेम्पररी फिक्स' कधी निघत नाही.

याच घाईतून भंडाऱ्याला त्याची फॅक्टरी मिळाली. १९६४ मध्ये जवाहरनगरची आयुध निर्माणी, त्याच वर्षी जळगावकडे वरणगावची. वरणगाव काडतुसं करतं, भंडारा त्याच्याही आधीची गोष्ट करतो, प्रोपेलंट आणि स्फोटकं. बंदुकीच्या लाकडाला जो धक्का सोसायचा असतो तो मुळात अशाच रसायनातून येतो. आमच्याकडे अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी 'ऑर्डनन्स'मध्ये असायचं, भोंग्यावर घड्याळं लावली जायची. १ ऑक्टोबर २०२१ ला जुनं आयुध निर्माणी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. भंडारा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियात गेलं, ईशापूर कानपूरच्या दुसऱ्या कंपनीत. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी जवाहरनगरला स्फोट झाला, छत कोसळलं, आठ कामगार गेले. पुण्यात बसून मी फोनवर ते व्हिडिओ बघत होतो आणि गावातले सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते, 'आपला कोणी होता काय?'

बंदुकीच्या गोष्टीत सैनिक असतो, शिपाई असतो, शिकारी असतो. दारू बनवणारा कामगार नसतो. लाकूड तासणाराही नसतो.

लाकूड आता गेलंच आहे. इन्सास १९९८ पासून दिसायला लागली ती प्लास्टिकची. कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी झाल्या तेव्हा जुनी मंडळी लाकडाची आठवण काढत असणार. पण ती आठवण जरा सोयीची आहे. प्लास्टिक फुगत नाही, त्याला जवस चोळावं लागत नाही, काश्मीरहून फळ्या आणाव्या लागत नाहीत. इंजिनिअर म्हणून विचाराल तर मी प्लास्टिकलाच मत देईन.

लाकडाची थ्री नॉट थ्री शेवटची सगळ्या देशाने बघितली ती २६ नोव्हेंबर २००८ ला. सीएसटीवर दोघांच्या हातात एके-४७ आणि आपल्या पोलिसांकडे काठ्या, रिव्हॉल्व्हर आणि थ्री नॉट थ्री. तिथे रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी दुसऱ्या पोलिसाकडून थ्री नॉट थ्री घेऊन गोळ्या झाडल्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर फक्त काठी होती. त्यानंतर 'पुरातन बंदुका' म्हणून खूप लिहिलं गेलं. मला वाटतं बंदुकीला उगाच बोल लागला. ती रायफल ३०० मीटरवर आजही एकेपेक्षा सरळ मारेल. प्रश्न तिचं वय हा नव्हताच. ती घेऊन उभ्या असलेल्या माणसाने वर्षातून किती गोळ्या मारून बघितल्या होत्या, तिचं पुढचं लाकूड शेवटचं कधी तपासलं गेलं होतं, हा होता. म्हणजे मेंटेनन्स. नव्या बंदुका आल्या त्यांनाही हाच प्रश्न लागू आहे, फक्त प्लास्टिकमध्ये चीर आतल्या आत पडते आणि बाहेरून दिसत नाही.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला रीतसर निरोप दिला. तिकडे अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ बनते. तिचा दस्ता घडी होतो आणि एक कळ दाबून लांब-आखूड करता येतो. एल, एस, बी, सगळे साइझ एकातच.